कानांसाठीही चाला

व्यायाम हृदयाला चांगला, मधुमेहाला चांगला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याचा कानांशीही संबंध आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात गोगलगायीच्या शंखासारखा एक लहानसा अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे विद्युत संदेशांत रूपांतर करून ते मज्जातंतूमार्फत मेंदूकडे पाठवण्याचे काम या पेशी करतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो. परंतु येथे रक्त पुरवणारी धमनी अतिशय बारीक असते आणि तिला पर्यायी वाट जवळजवळ नसते. म्हणूनच मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांनी रक्तवाहिन्या खराब झाल्या, की कानालाही त्याची झळ पोहोचते. माणसाच्या कानातील मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

नियमित व्यायामाने रक्तवाहिन्या लवचिक राहतात. साखर, रक्तदाब आणि वजन आटोक्यात राहते. अमेरिकेत ६८ हजारांहून अधिक स्त्रियांची वीस वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला २ तास किंवा अधिक चालणाऱ्या स्त्रियांत ऐकू कमी येण्याचा धोका १ तासाहून कमी चालणाऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आढळला. चालणे हेच यामागचे एकमेव कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. पण चालण्यात तोटा तर काहीच नाही!

दोन तास म्हणजे किती? नगरच्या भुईकोट किल्ल्याचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे. तेवढे अंतर बेताच्या गतीने चालायला साधारण २० मिनिटे लागतात. आठवड्यातून सहा दिवस तेवढे चालले, की दोन तास भरतात. खेड्यात हेच अंतर शिवाररस्त्याने चालता येईल.

काही पथ्ये मात्र पाळावीत. चालताना कानात इयरफोन घालून मोठ्याने गाणी ऐकू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण १०० डेसिबल फक्त २० मिनिटे. मळणीयंत्राजवळ, कारखान्यात काम करणाऱ्यांनी कानात बोळे म्हणजे इयरप्लग वापरावेत. मिरवणुकीतील डीजेपासून दूर राहावे. कान फुटलेला असेल तर विहिरीत पोहू नये. कानात तेल घालू नये.

लक्षात ठेवा, गेलेले ऐकणे व्यायामाने परत येत नाही. घरातील आजोबा टीव्हीचा आवाज वाढवू लागले, 'काय म्हणालास?' असे वारंवार विचारू लागले, तर वय झाले म्हणून सोडून न देता त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी उपचाराला उशीर झाला, की गेलेले ऐकणे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.