संशयाचे गणित

कार्डाने पैसे देणारी व्यक्ती त्या कार्डाची खरी धनी आहे किंवा नाही, हे पेमेंट कंपनीस क्षणार्धात ठरवावे लागते. सही ताडून पाहण्यास तेथे कारकून नसतो. म्हणून रक्कम, वेळ, स्थळ, वापरलेले यंत्र इत्यादींची ग्राहकाच्या नेहमीच्या वर्तनाशी तुलना करून प्रत्येक व्यवहारास संशयाचा एक अंक दिला जातो. अंकाने ठरावीक मर्यादा ओलांडली, की व्यवहार अडविला जातो किंवा ओळखीचा अधिक पुरावा मागितला जातो.

या पद्धतीचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. १ लक्ष व्यवहारांपैकी १०० लबाडीचे आहेत, असे समजू. पद्धती त्यांतील ९० पकडते. परंतु प्रामाणिक व्यवहारांपैकीही शेकडा १ तिला संशयास्पद वाटतात. हे व्यवहार ९९९ भरतात. म्हणजे अडविलेल्या १,०८९ व्यवहारांत लबाडीचे अवघे ९०! लबाडी मुळातच विरळ असल्याने असे घडते.

हे प्रमाण सुधारण्यास अधिक वैयक्तिक माहिती हवी, हा कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि माहिती कितीही वाढविली, तरी काही निरपराध ग्राहक अडणारच. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीने फसवणूक रोखण्यास आवश्यक तेवढा माहितीचा वापर हा रास्त हितसंबंध मानला आहे. त्याचबरोबर, व्यक्तीवर गंभीर परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असल्यास, तो माणसाकडून तपासून घेण्याचा हक्क २२ व्या अनुच्छेदात मान्य केला आहे. ज्या निरपराधाचे खाते गोठविले गेले, त्याच्या दृष्टीने ही दुसरी तरतूदच अधिक मोलाची होय.