मूत्रपिंडरोपण आणि ‘ब’ कावीळ : लस केव्हा घ्यावी?

किनवट, देगलूर, मुखेड या भागांतून नांदेडला आणि उदगीर, निलंगा, औसा या भागांतून लातूरला डायलिसिससाठी येणाऱ्या रुग्णांचा आठवडा या फेऱ्यांभोवतीच फिरत असतो. त्यांच्यापैकी अनेकांची आशा मूत्रपिंडरोपणावर केंद्रित झालेली असते. घरातील नातेवाइकाचे मूत्रपिंड जुळले नाही, तर प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. मराठवाड्यातील या यादीचे काम छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. ही प्रतीक्षा कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. या काळात करावयाचे एक महत्त्वाचे काम मात्र सहज विसरले जाते. ते म्हणजे ‘ब’ काविळीची लस घेणे.

धोका दुहेरी

‘ब’ काविळीचा विषाणू रक्तावाटे पसरतो. डायलिसिसमध्ये रक्ताचा संबंध वारंवार येत असल्याने या रुग्णांना संसर्गाची भीती अधिक असते. रोपणानंतर दुसरा धोका उद्भवतो. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णास प्रतिकारशक्ती मंदावणारी औषधे कायम घ्यावी लागतात. अशा स्थितीत संसर्ग झाल्यास तो यकृतात ठाण मांडतो आणि पूर्वीचा सुप्त विषाणूही पुन्हा जागा होऊ शकतो. म्हणूनच रोपणापूर्वी रुग्ण आणि दाता या दोघांच्याही रक्ताची तपासणी केली जाते.

आधी लस, मग रोपण

लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. प्रतिद्रव्ये तयार करण्याचे काम शरीराचे स्वतःचे असते. मूत्रपिंडे निकामी होत जातात तशी ही क्षमता घटते आणि रोपणानंतरच्या औषधांनी ती आणखी मंदावते. यास्तव विकाराचे निदान होताच, शक्य तर डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच, लसीकरण करणे सर्वांत हितावह ठरते.

निरोगी प्रौढास या लशीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी देतात. डायलिसिसच्या रुग्णास सामान्यतः दुप्पट मात्रा चार वेळा देतात : पहिल्या दिवशी, त्यानंतर एक, दोन व सहा महिन्यांनी. टोचणी दंडावर घ्यावयाची असते. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिद्रव्यांची चाचणी आवश्यक असते. त्यांचे प्रमाण दर लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे मानतात. कमी असल्यास पुन्हा लस देतात. डायलिसिस चालू असेतो ही चाचणी दरवर्षी करणे इष्ट असते.

प्रौढांनी विचारणा करावी

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये जनुकीय तंत्राने तयार केलेली देशी लस आणल्यावर तिची किंमत पुष्कळ उतरली. बालकांच्या नियमित लसीकरणात तिचा समावेश २०११ मध्ये देशभर झाला. याचा अर्थ, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेक रुग्णांना ती बालपणी मिळालेलीच नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे स्वतःहून चौकशी करावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ‘ब’ आणि ‘क’ काविळीची तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत. ‘क’ काविळीवर लस नाही. परंतु ती औषधांनी बरी होऊ शकते.

पाण्यावाटे येणारी कावीळ

‘अ’ आणि ‘ई’ कावीळ दूषित पाण्यातून येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला साठवणीच्या पाण्याचे महत्त्व सांगावयास नको. रोपण झालेल्या रुग्णाने पाणी उकळूनच प्यावे. ‘अ’ काविळीची लस मृत विषाणूची आणि जिवंत परंतु क्षीण विषाणूची, अशा दोन प्रकारांत मिळते. रोपणानंतर जिवंत विषाणूची लस टाळावयाची असते. त्यामुळे कोणतीही लस घेण्यापूर्वी आपले रोपण झाल्याचे सांगणे अगत्याचे आहे.

घरातील माणसांनीही ‘ब’ काविळीची लस घेतल्यास रुग्णाभोवतीचे कवच अधिक भक्कम होते. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. रोपणाचा निरोप अवचित येतो; लसीकरणाची नोंद त्यापूर्वीच रुग्णाच्या फाइलमध्ये असावयास हवी.