वेगावरून वाहन कसें ओळखावें?

डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालासुद्धां आपण बसमध्यें आहों कीं मोटारींत, हें सांगावें लागत नाहीं. धक्क्यांवरून, थांब्यांवरून आणि वळणांवरून तें त्याला आपोआप उमगतें. आतां खिशांतील यंत्र उपग्रहांच्या साह्यानें दर कांहीं सेकंदांनीं आपलें स्थान टिपून ठेवूं शकतें. लागोपाठच्या दोन स्थानांमधील अंतरास मधल्या वेळानें भागलें, कीं वेग निघतो. मग केवळ या आंकड्यांवरून प्रवासाचें साधन ओळखतां येईल काय?

प्रथमदर्शनीं उत्तर सोपें वाटतें. मनुष्य ताशीं सुमारें ५ किलोमीटर चालतो, सायकल ताशीं १५ च्या आसपास जाते आणि मोटार त्याहून पुष्कळ वेगानें धांवते. परंतु गर्दीच्या वेळीं मोटारीचा वेगहि सायकलीइतका, किंबहुना पादचाऱ्याइतका उतरतो. नुसत्या सरासरीवर विसंबणारा तेथें हटकून फसतो.

बीजिंग येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेनें या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ६५ व्यक्तींनीं दहा महिन्यांत केलेल्या प्रवासांच्या नोंदी तपासून तेथील संशोधकांनीं २००८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचें पहिलें निरीक्षण अगदीं साधें आहे: एक वाहन सोडून दुसऱ्यांत बसावयाचें तर मध्यें चार पावलें चालावेंच लागतें. म्हणून प्रथम चालण्याचे तुकडे हुडकावयाचे. तेच प्रवासाचे सांधे होत. सांधे सांपडले, म्हणजे मधल्या प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र विचार करतां येतो.

दुसरें निरीक्षण असें, कीं वेग किती आहे यापेक्षां गति कशी आहे, हें अधिक बोलकें असतें. पादचारी मनास येईल तेथें वळतो. मोटारीस, रस्ता मोकळा असो वा तुंबलेला असो, रस्ता सोडून जातां येत नाहीं. बस सिग्नलवर थांबते, शिवाय आपल्या थांब्यांवरहि थांबते. म्हणून दर किलोमीटरमागें तिचे थांबे मोटारीपेक्षां अधिक भरतात. दिशा, थांबे आणि वेगांतील चढउतार यांच्या आधारें शेंकडा ७१ हून अधिक अनुमानें बरोबर ठरलीं. त्याच ठिकाणांहून लोक बहुधा कशानें जातात, हें ध्यानांत घेतांच त्यांत आणखी ४ ची भर पडली.

तरीहि सुमारें चौथा हिस्सा चुकतोच, आणि ही चूक कागदावरच राहत नाहीं. रखडलेल्या बसमधील प्रवासी मोटारींत मोजले गेले, तर बसचें महत्त्व घटलेलें दिसेल. आणि जेथें बस वाढवावयाच्या, तेथें मोटारींसाठीं रस्ता रुंद होईल. म्हणून नगररचनाकारानें अशा आंकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वीं कांहीं प्रवाशांना तरी प्रत्यक्ष विचारावें, "आपण कशानें आलांत?" यंत्राचा तर्क कितीहि कुशल असला, तरी त्याची कसोटी अखेर त्या उत्तरावरच लागते.