कोट कोणाच्या मापाचा?

नाशिक जिल्ह्यातील देवळा हे गाव समुद्रापासून दूर आहे. गिरणेच्या खोऱ्यातील या भागाचे अर्थकारण कांदा, डाळिंब आणि पाऊस यांच्याभोवती फिरते. अशा गावात, जहाजावरच्या मेजवानीला पुरुषाने कोणता पोशाख करावा हा प्रश्न चर्चेला यावा, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु काळ बदलला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई बंदरातून एका देशी कंपनीच्या पर्यटन-जहाजाच्या सहली सुरू झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. पुण्यात किंवा परदेशात नोकरी करणारा मुलगा वडिलांच्या साठीनिमित्त आईवडिलांची जहाजाची तिकिटे काढतो, ही गोष्ट कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यातही आता अशक्य कोटीतील राहिलेली नाही.

असे एक घर कल्पावे. वडील माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. जोडीला चार एकर कांद्याची जमीन. तिकिटांबरोबर सूचनांचा कागद येतो आणि त्यात, एका संध्याकाळी ‘औपचारिक पोशाख’ अपेक्षित आहे, असे एक वाक्य असते. त्या एका वाक्याने घरातील आनंदावर सावट येते. मुलगा फोनवरून सांगतो, “नाना, एक चांगला सूट शिवून घ्या. पैशाची काळजी करू नका.” आई म्हणते, “अहो, तुमचा काळा कोट आहे की ट्रंकेत.” आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते गृहस्थ म्हणतात, “जन्मात कधी टाय बांधला नाही. तो आता बोटीवर बांधून लोकांना हसवू का? त्यापेक्षा जाणेच नको.”

या शेवटच्या वाक्यात प्रश्नाचे गांभीर्य आहे. पोशाखाच्या धास्तीने माणूस चारचौघांत जाण्याचे टाळतो, तेव्हा तो प्रश्न केवळ शिंप्याचा उरत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही होतो.

आधुनिक अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सदऱ्याचे एक उदाहरण दिले आहे. तागाचा सदरा ही काटेकोर अर्थाने जीवनावश्यक वस्तू नव्हे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक त्यावाचून सुखाने जगत होते. परंतु स्मिथच्या काळातील युरोपात प्रतिष्ठित मजुरालाही असा सदरा अंगात नसताना लोकांत वावरण्याची लाज वाटे. म्हणून तो सदरा गरजेच्या वस्तूंत मोडतो, असे स्मिथचे म्हणणे. याच धाग्यावरून अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याच्या विवेचनात, लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही माणसाची एक मूलभूत क्षमता मानली. या दृष्टीने पाहता, नानांची धास्ती हा दुबळेपणा ठरत नाही. लाजेपासून मुक्त होण्यासाठी केलेला खर्च हा उधळपट्टीचा खर्च नव्हे.

तथापि याच नाण्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली दाखवून दिले की, पोशाखावरील पुष्कळसा खर्च अंग झाकण्यासाठी नसून ऐपत दाखविण्यासाठी असतो. ज्या कपड्यात शारीरिक श्रम करता येत नाहीत, तो कपडा श्रम करण्याची गरज नसल्याची जाहिरात करीत असतो. स्मिथचा सदरा आणि व्हेब्लेनचा दिखाऊ पोशाख यांच्यामधील सीमारेषा कोठे आखावयाची, हाच सूचनेचा कागद हाती घेऊन बसलेल्या कुटुंबापुढील खरा प्रश्न आहे.

ही सीमारेषा आखण्यापूर्वी ज्या पोशाखाचे एवढे भय वाटते, त्याचे मूळ पाहणे उपयुक्त ठरेल. जहाजावरील मेजवानीचा प्रमाण वेष म्हणून ओळखले जाणारे ‘डिनर जॅकेट’ आरंभी औपचारिक नव्हतेच. लंडनच्या हेन्री पूल या शिवणकामाच्या पेढीने १८६५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, लांब शेपटीचा कोट टाळून एक आखूड कोट शिवला. तो घरगुती जेवणाच्या वेळी मोकळेपणाने बसता यावे म्हणून होता. एका पिढीची सवलत पुढच्या पिढीचा दंडक झाली. याच पोशाखात कमरेभोवती जो रुंद पट्टा बांधतात, तो तर हिंदुस्थानातूनच गेलेला आहे. येथील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आपला कमरबंद उचलला आणि शब्दासकट तो इंग्रजीत नेला. सारांश, ज्याला आपण परक्यांचा अटळ नियम समजतो, तो सोयीने बदलत आलेला आणि थोडा आपल्याकडूनही घेतलेला आहे.

परंतु नियमाचा इतिहास ठाऊक नसलेल्या नवख्या माणसाची अवस्था अवघड होते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून विलायतेस निघाला. मित्रांनी त्याच्यासाठी कपडे तयार करविले होते. टाय त्याला नकोसा वाटे आणि आखूड कोट असभ्य वाटे, असे त्यांनीच पुढे आत्मकथेत लिहिले आहे. बोटीवर तो काळ्या सुटात वावरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्याने बंदरावर उतरण्यासाठी राखून ठेवला. सप्टेंबरच्या अखेरीस तो उतरला, तेव्हा पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच होता. त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, तेच गांधी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले ते पंचा नेसून. आणि त्याच वेषात ते नोव्हेंबरात बादशहाच्या राजवाड्यातील स्वागत समारंभालाही गेले. पहिल्या खेपेस पोशाख इतरांच्या नजरेसाठी निवडला होता; दुसऱ्या खेपेस आपण कोणाच्या वतीने आलो आहोत, हे ठरवून तो निवडला होता.

याचा अर्थ सूट म्हणजे दास्य आणि देशी वेष म्हणजे स्वाभिमान, असा ढोबळ निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. नाशिक जिल्ह्याशी निगडित असलेली दोन माणसे त्याला उत्तर देतात.

पहिले, सयाजीराव गायकवाड. देवळ्याशेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. पुढे त्यांनी अनेकदा युरोपचा प्रवास केला आणि पाश्चात्त्य रीतिरिवाज जवळून पाहिले. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात इतर संस्थानिक हिरेमाणकांनी लखलखत असताना सयाजीराव साध्या पांढऱ्या वेषात बादशहापुढे गेले आणि एकदाच वाकून, पाठ वळवून परतले. त्यावरून मोठे काहूर उठले व त्यांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचे पत्र पाठवावे लागले. एका मराठी माणसाच्या साध्या कपड्यांची साम्राज्याने एवढी दखल घ्यावी, यातच पोशाखाच्या भाषेचे सामर्थ्य दिसते.

दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस अर्थशास्त्र शिकण्यासाठी गेले. मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेस निघाले. त्यांचा सूट आणि टाय हे परक्यांचे अनुकरण नव्हते. ज्या समाजात कोणी काय नेसावे, कोणता दागिना घालावा, हे जातीवरून ठरविले जात होते, तेथे नीटनेटका सूट घालणे हीच बंडखोरी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांनाही त्यांनी, अस्पृश्यता दाखविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडून देण्यास सांगितले होते. त्यांच्या सुटाची किंमत पाहावयाची ती या संदर्भात.

एकाने थाट उतरविला, दुसऱ्याने तो अंगावर चढविला; दोघांचे कपडे परस्परविरुद्ध, परंतु तत्त्व एकच. आपण काय ल्यावे हे आपण ठरवू, आणि ते भीतीपोटी ठरविणार नाही. नानांच्या घरातील चर्चेला हेच तत्त्व लावून पाहिले पाहिजे.

व्यवहाराच्या पातळीवर बोलावयाचे तर प्रथम सूचना नीट वाचावी. आठवड्याच्या सहलीत औपचारिक संध्याकाळी बहुधा एखाद-दुसऱ्या असतात. एरव्ही इस्त्री केलेला कॉलरचा सदरा आणि पँट एवढ्यावर भागते. जेथे औपचारिकतेचा आग्रह अधिक असतो, अशा काही नामांकित विलायती जहाजांच्या नियमांतही गडद सुटाच्या बरोबरीने राष्ट्रीय पोशाख मान्य केलेला असतो. आपल्याकडे बंद गळ्याचा कोट सरकारी समारंभांत आणि परराष्ट्र सेवेत औपचारिक वेष म्हणून रूढ आहे. काळा किंवा गडद निळा बंद गळ्याचा कोट, त्याच रंगाची पँट आणि पॉलिश केलेले काळे बूट एवढ्यात कोणत्याही मेजवानीला सन्मानाने बसता येते. टायची गाठ शिकण्याची गरज नाही, आणि तोच कोट पुढे पुतणीच्या लग्नातही उपयोगी पडतो.

येथे अर्थशास्त्रातील ‘संधीचा खर्च’ ही कल्पना उपयोगी पडते. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण जे सोडून देतो, ते. कांद्याच्या भावावर जगणाऱ्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा उमराण्याच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला, कालची एक क्विंटल आणि आजची एक क्विंटल यांत काय अंतर असते, ते पुरते उमगले. एका संध्याकाळसाठी शिवलेला आणि नंतर ट्रंकेत पडून राहणारा सूट म्हणजे पडीक भांडवल होय. तो उसनवारीने शिवला असेल, तर भांडवलावर व्याजही चढते. ज्याला सूट आवडतो आणि जो तो पुन्हा वापरणार आहे, त्याने तो अवश्य शिवावा. ज्याला एकदाच हवा आहे, त्याने लग्नसराईत नवरदेव घेतात तसा भाड्याने घ्यावा. आणि ट्रंकेतला जुना काळा कोट अंगाला येत असेल, तर धुलाई आणि दोन बटणे एवढाच खर्च पुरेसा ठरेल.

कोणी विचारील, मग धोतर, कोट आणि टोपी का नको? वास्तविक हाच या भागातील जुन्या पिढीचा औपचारिक वेष होय. याच वेषात लग्ने लागली, शाळांची उद्घाटने झाली. त्याला नकार देण्याचा अधिकार कोणाला असावा, याचा निर्णय तामिळनाडूने आपल्यापुरता केला आहे. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना प्रवेश नाकारला गेला; त्यानंतर महिन्याभरात तेथील विधानसभेने अशा बंदीविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तिकिटे विकणाऱ्या कंपन्यांनी ‘औपचारिक पोशाख’ या दोन शब्दांखाली काय काय चालते, हे मराठीत चार ओळींत छापले, तरी अनेक घरांतील धास्ती संपेल. माहितीचा अभाव हाही एक खर्चच असतो, आणि तो नेहमी नवख्या ग्राहकाच्या माथी पडतो.

मालेगावचे यंत्रमाग रात्रंदिवस कापड विणतात. ते कापड कोणाच्या अंगावर कोणत्या मापाने बेतले जाईल, हे मागाला ठाऊक नसते. माणसाला मात्र ते ठाऊक असले पाहिजे. देवळ्याच्या त्या निवृत्त शिक्षकाने बंद गळ्याचा कोट घालावा, सूट घालावा की धोतर नेसावे, हे त्याने ठरवावे. मुलाने पैसे द्यावेत, पत्नीने सल्ला द्यावा. पण माप त्याचेच घेतले जावे. ‘त्यापेक्षा जाणेच नको’ हे वाक्य तेवढे त्याने मागे घ्यावे. ज्या भागातील खेड्यातून निघालेला एक मुलगा साध्या पांढऱ्या वेषात बादशहापुढे उभा राहिला, त्या भागातील माणसाने जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाला भिण्याचे कारण नाही.