छतांत दडलेला दिवा : संगणकावरच्या घरांतील खरा प्रकाश

घर बांधण्यापूर्वीं त्याचा नकाशा कागदावर काढण्याची रीत फार जुनी आहे. आतां त्या नकाशाच्या जोडीला संगणक आला आहे. भिंती उभ्या केल्या, खिडक्या बसविल्या, कपाटें मांडलीं, कीं आपण त्या खोलींत उभे आहों असें चित्र पडद्यावर उमटतें. तें पाहूनच पुष्कळ कुटुंबें आपल्या दिवाणखान्यांत दिवे किती व कोठें असावेत हें ठरवितात. एकदां ठरलें म्हणजे जिप्समच्या छताला भोंकें पडतात, तारा ओढल्या जातात आणि पैसाहि खर्च होतो. चित्र खोटें बोललें असेल, तर तें कळतें मात्र गृहप्रवेशानंतर, आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि त्यांना अक्षर दिसत नाहीं तेव्हां. म्हणून छतांत दडविलेला दिवा, ज्याला आपले वायरमन डाउनलाइट किंवा कॉब लाइट म्हणतात, तो संगणकावरच्या घरांत खरा कसा दाखवावा, याचा आज थोडा विचार करूं.

हा दिवा इतर दिव्यांहून वेगळा कशानें? झुंबर ही स्वतःच एक शोभेची वस्तु आहे. पाहणाराची नजर प्रथम तिच्यावर जाते. समईची ज्योत चहूंकडे उजेड पसरते. दडविलेल्या दिव्याची गोष्ट उलट आहे. त्यानें स्वतः दिसूं नये आणि त्याचें काम मात्र दिसावें, यासाठींच त्याला छतांत दडविलेला असतो. टेबलावरचें उजेडाचें वर्तुळ, भिंतीवरची कमान, फरशीवरची चमक, हेंच त्याचें खरें रूप. यावरून एक सूत्र निघतें : या दिव्याचें चित्र म्हणजे त्याच्या आकाराचें चित्र नव्हे, त्याच्या प्रकाशाचें चित्र होय. नवशिका मनुष्य छताला एक पांढरी चकती चिकटवितो व दिवा झाला असें समजतो. चकती उजळ दिसते. पण ती प्रकाश कोठें व किती टाकते, हा प्रश्न तसाच राहतो. तो सोडविण्यासाठीं तीन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात : खोबण, झोत आणि माप.

प्रथम खोबण. गृहरचनेच्या बहुतेक साधनांत छत म्हणजे जाडी नसलेला एक पडदाच असतो. त्याच्या वर दिवा ठेवला तर तो झांकला जातो. बरोबर त्याच पातळीवर ठेवला तर दोन पृष्ठें एकमेकांत मिसळून चित्रांत डाग उठतात. पडदा आणि चकती यांत एकदोन मिलिमीटरांचें अंतर ठेवलें कीं डाग जातात, परंतु खोली येत नाहीं. खरा उपाय म्हणजे छताला जाडी देणें, त्यांत गोल भोंक पाडणें, भोंकावर आंतून पांढरी किंवा चकचकीत अशी नळी बसविणें आणि दिव्याची चकती नळीच्या तळाशीं नव्हे, तर वर आंत ठेवणें. भोंकाच्या कडेला छताच्या खालीं दोनतीन मिलिमीटर उतरलेली बारीक कडी हवी. तिच्या सावलीच्या रेघेनेंच डोळ्याला तो दिवा खरा वाटतो. नळी वरून बंद करावयास विसरूं नये, नाहींतर भोंकांतून आकाशाचा उजेड खोलींत गळतो.

ही खोली केवळ शोभेची नाहीं. समजा, भोंकाचा व्यास 8 सेंटिमीटर आहे आणि अगदीं लहान असा दिवा त्याच्या मध्यावर 4 सेंटिमीटर वर आहे. मग उभ्या रेषेपासून 45 अंशांच्या आंतच तो डोळ्याला दिसेल. छत 2.7 मीटरवर व बसलेल्या माणसाचा डोळा 1.2 मीटरवर असेल, तर दिव्याच्या सरळ खालून दीड मीटरपेक्षां अधिक दूर बसणाराच्या डोळ्यावर तिरीप येणार नाहीं. दिवा छताच्या पातळीवर आणला कीं ती सगळ्यांच्याच डोळ्यावर येते. चित्रांत खोबण नसेल, तर हा भेद चित्र पाहून कधींहि कळावयाचा नाहीं.

आतां झोत. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो, हा नियम योहान लांबेर्ट यानें 1760 मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशमापनावरील ग्रंथांत इतर नियमांबरोबर व्यवस्थित मांडला. त्याचाच उपयोग करून एक हिशेब पाहूं. एका दिव्यांतून 600 ल्युमेन प्रकाश निघतो आणि टेबल त्याच्या 2 मीटर खालीं आहे. हाच प्रकाश चहूंकडे सारखा पसरला, तर टेबलावर थेट पडणारा उजेड सुमारें 12 लक्स भरतो. तोच 60 अंशांच्या शंकूंत सारखा वांटला, तर सुमारें 178 लक्स. आणि 30 अंशांच्या शंकूंत कोंडला, तर सुमारें 700 लक्स. वर्तुळाचा व्यास मात्र 2.3 मीटरांवरून 1.07 मीटरांवर येतो. दिवा तोच, वीज तीच. पण एकांत अंधुक खोली, तर दुसऱ्यांत तळपणारें टेबल व काळोखे कोपरे. म्हणून संगणकाला झोताचा कोन न सांगतां दिवा लावणें म्हणजे हिशेबाचा अर्धा भाग गाळणें होय.

भिंतीवरची कमानहि याच कोनावर ठरते. प्रकाशाचा शंकु सरळ खालीं येतो व उभ्या भिंतीनें कापला जातो. तो छेद भूमितींतील अपास्त नांवाचा वक्र असतो. दिवा भिंतीपासून 30 सेंटिमीटरांवर असेल, तर 60 अंशांच्या झोताची कमान छताखालीं सुमारें 52 सेंटिमीटरांवर सुरू होते आणि 30 अंशांच्या झोताची सुमारें 112 सेंटिमीटरांवर. भिंतीवर तसबीर टांगावयाची असेल, तर तिच्या कपाळावर अंधार पडेल कीं उजेड, हें चित्रांतच पाहून घेतां येतें.

खऱ्या दिव्याचा झोत अर्थात् असा रेखीव कापलेला नसतो. मध्यें तीव्र व कडेला विरत जाणारा असतो. त्यासाठीं अमेरिकेंतील प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेनें 1986 मध्यें एक नमुना ठरविला; त्याला आय-ई-एस फाइल म्हणतात. कोणत्या कोनांत दिवा किती तीव्र आहे, याचे आंकडे तींत असतात, आणि पुष्कळ कारखानदार त्या फाइली विनामूल्य देतात. ब्लेंडरसारख्या साधनांत ती जोडली कीं भिंतीवरची कमान आपोआप खऱ्यासारखी उमटते. येथें एक सावधगिरी ठेवावी. ते आंकडे डबी व परावर्तक यांच्यासह मोजलेले असतात. म्हणून असा दिवा खोबणीच्या तोंडाशीं ठेवावा. आंत खोल ठेवल्यास डबीचा परिणाम दोनदां मोजला जाऊन झोत उगाच अरुंद होतो.

तिसरी गोष्ट माप. येथें प्रत्येक साधनाची भाषा निराळी आहे. स्वीट होम थ्रीडी या विनामूल्य साधनांत दिव्याची शक्ति टक्क्यांत सांगावी लागते. शिवाय नेहमींच्या त्रिमितीय दृश्यांत दिव्यांचा उजेड पडतच नाहीं, वरच्या प्रतीचें छायाचित्र काढावयास सांगितलें म्हणजेच पडतो. ब्लेंडरमध्यें शक्ति वॅटमध्यें असते, पण तो वॅट वीजबिलांतला नव्हे. प्रकाशरूपानें बाहेर पडणारी ती शक्ति आहे. दिव्याच्या खोक्यावरचे 7 वॅट तेथें जसेच्या तसे लिहिणें चूक होय. आणखी एक खुबी अशी कीं, तेथील झोताचा दिवा म्हणजे चहूंकडे पसरणारा दिवाच, फक्त कोनाबाहेरचा भाग झांकलेला. कोन लहान केल्यानें मधला उजेड वाढत नाहीं. खरा परावर्तक तर प्रकाश झांकीत नाहीं, गोळा करतो. म्हणून सगळा प्रकाश 60 अंशांत आणणारा दिवा दाखवावयाचा असेल, तर शक्ति सुमारें 15 पट व 30 अंशांसाठीं सुमारें 59 पट करावी लागते. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण दिवे मंद दिसतात म्हणून दुप्पट दिवे मांडतात, आणि प्रत्यक्ष घरांतहि तितकेच बसवितात!

चित्राचा एकंदर उजळपणा हीहि अशीच फसवी गोष्ट आहे. कॅमेऱ्याप्रमाणें संगणकहि अंधारी खोली लख्ख दाखवूं शकतो. दोन योजनांची तुलना करावयाची असेल, तर चित्राचा उजळपणा एकदां ठरवून दोन्हींत तोच ठेवावा. रंगाचेंहि तसेंच : 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवा व 6500 केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा एकाच चित्रांत शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून त्यांतील भेद लक्षांत यावयाचा नाहीं.

शेवटीं, चित्रावर कधीं कधीं मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, त्याविषयीं. उजेड भिंतीवरून भिंतीवर कसा उसळतो याचें सर्वव्यापी समीकरण जेम्स काजिया यानें 1986 मध्यें मांडलें. संगणक तें सोडवितो तें असंख्य किरण यदृच्छेनें पाठवून. खोल डबींतील इवलीशी चकती त्या किरणांना क्वचित् सांपडते. पुढें कांच असली तर आणखीच क्वचित्. म्हणून ती कांच काढून टाकावी किंवा तिची सावली पडूं देऊं नये, आणि प्रकाशाचें काम वेगळ्या झोताच्या दिव्याकडे सोंपवून चकती केवळ दिसण्यापुरती उजळ ठेवावी. असें केल्यानें चित्र लवकर तयार होतें व स्वच्छ येतें.

श्रोतेहो, संगणकावरचें चित्र सुंदर करणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. तें प्रामाणिक करणें मात्र अजून आपल्याच हातीं आहे. चित्र काढणाराला तीन प्रश्न अवश्य विचारा : खोबण किती खोल धरली, झोत किती अंशांचा धरला, आणि ल्युमेन कोणत्या दिव्याचे धरले? उत्तरें आंकड्यांत मिळालीं, तर त्या चित्रावर विश्वास ठेवून सुताराला बोलवा. तीं नुसत्या हंसण्यांत मिळालीं, तर छताला हात लावूं नका. एक दिवा विकत आणा, शिडीवर चढून तो त्या जागीं धरा, आणि खालीं आजोबांच्या हातांत वर्तमानपत्र द्या.