पेनाच्या लाकडात पितळी नळी बसवताना कोणता गोंद वापरायचा?

मागच्या वेळी लाकडाला छिद्र पाडण्यावर बोललो. आजचा भाग फक्त गोंदाचा. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी माझी फजिती सांगतो. आजोबांची बाभळीची तिफण मोडीत निघाली, तेव्हा तिच्यातून मला दोनच धड तुकडे मिळाले. बाबांसाठी पेन करायचं होतं. पहिल्या तुकड्यात झटपट सुपरग्लू घातला. नळी अर्ध्यावर गेली आणि तिथंच अडकली. ठोकून ठोकून आत ढकलली. वाटलं, जमलं. पण लेथवर लाकूड पातळ होत आलं, तसा ‘टक्’ असा आवाज आला आणि एक ढलपी उडून गेली. बघतो तर नळीचा अर्धा भाग कोरडाच! चूक गोंदाची नव्हती, माझीच होती.

असं का होतं? साध्या सडपातळ पेनात नळी ७ मिलिमीटरची असते आणि कातून झाल्यावर तिच्यावर जेमतेम एक-दोन मिलिमीटर लाकूड उरतं. एवढ्या पातळ सालीला आधार फक्त गोंदाचा. जिथं गोंद नाही तिथं लाकूड थरथरतं आणि पटाशी लागली की उडतं. दुसरी गोष्ट म्हणजे हवामान. आपल्या हिंगोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड सुकून आकसतं. पावसाळ्यात दमट हवेनं तेच फुगतं. पितळेला दमटपणाचं काही देणंघेणं नाही. म्हणजे ही ओढाताण वर्षभर गोंदानंच सोसायची.

आता एकेक गोंद बघू.

पांढरा फेविकॉल लाकडाला लाकूड जोडायला उत्तम. पण तो पाणी उडून सुकतो. पितळ पाणी शोषत नाही, आतलं पाणी बाहेर पडायला वाट कमी. इथं तो नको.

सुपरग्लू हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यानं घट्ट होतो, त्यामुळं पावसाळ्यात आणखी घाई करतो. पातळ प्रकार फट भरत नाही. वापरायचाच तर दाट प्रकार घ्या आणि नळी एका दमात आत घाला. सुकल्यावर तो ठिसूळ असतो, हेही लक्षात ठेवा.

पॉलियुरेथेन गोंद फुगतो, फट भरल्यासारखी दिसते. पण तो फेस कमजोर असतो, आणि फुगताना नळी बाहेर ढकलतो.

राहिला इपॉक्सी, म्हणजे आपल्याकडं अराल्डाइट. दोन भाग मिसळून तो घट्ट होतो. पाणी उडायचं नसल्यानं तो फारसा आकसत नाही आणि फट नीट भरतो. माझी पसंती हाच, आणि त्यातही रात्रभर सुकणारा प्रकार. पाच मिनिटांचा प्रकार मे महिन्यात कालवता कालवताच घट्ट व्हायला लागतो. उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी करा.

पद्धत अशी:

१. छिद्र पाडल्यावर लाकूड थंड होऊ द्या. बाभूळ कठीण, ड्रिलनं चांगलीच तापते.

२. नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवी-तिडवी घासा. चकाकी गेली पाहिजे. मग स्पिरिटनं पुसा आणि पुन्हा बोट लावू नका.

३. नळीचं तोंड बटाट्याच्या चकतीत दाबा. बूच तयार! गोंद आत शिरत नाही.

४. आधी गोंदाशिवाय नळी घालून बघा. सैलसर, पण डगडग न करता गेली पाहिजे.

५. इपॉक्सी पाकिटावरच्या प्रमाणात, एकजीव होईपर्यंत कालवा. काडीनं छिद्रात लावा, नळीलाही लावा.

६. नळी गोल फिरवत, मागं-पुढं करत घाला. हवा निघून जाते आणि गोंद सगळीकडं पसरतो.

७. आडवं ठेवून रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी बटाटा काढा, टोकं काटकोनात घासा.

एक सावधगिरी: घासताना लाकूड हाताला चटका देण्याइतकं तापू देऊ नका. उष्णतेनं इपॉक्सी मऊ पडतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

दुसरा तुकडा मी असाच केला. एकच उरला होता, म्हणून लेथ सुरू करताना हात कापत होता. पण तो टिकला. ते पेन आता बाबांच्या खिशात असतं. आजोबांनी परवा हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि एवढंच म्हणाले, “आपल्याच तिफणीचं व्हय?”

चला, पुढच्या भागात पॉलिशवर बोलू.