शिधा आकाशातला, स्वयंपाक कुठला?

मार्च 2009 मध्ये 'इस्रो'ने एक निवेदन प्रसिद्ध केले. 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून सोडलेल्या बलूनने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली होती आणि तिच्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या होत्या. प्रयोगाचे प्रमुख होते डॉ. जयंत नारळीकर. एका जातीला त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉयल यांचे नाव देण्यात आले. जीवसृष्टी अंतराळातून आली, हे मत हॉयल यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिरिरीने मांडले होते.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे वाचले ते वाचनालयात बसून. त्या उत्साहात एका व्याख्यानात मी ठोकून दिले, "जीव आकाशातून आला, हे सिद्ध झाले!" एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "उंचावर सापडला म्हणजे तिथेच जन्मला का हो?" मी निरुत्तर झालो. ते जीवाणू पृथ्वीवरूनच वर गेलेले असू शकतात. निवेदनातही परग्रहीय उगम निर्विवाद ठरला नसल्याचे म्हटले होते. ते वाक्य मी सोयीस्करपणे वगळले होते.

पुढे लक्षात आले, की या एका दाव्यात तीन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला, जीवाचा कच्चा माल अंतराळात तयार होतो का? होतो. 28 सप्टेंबर 1969 रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले सापडली. त्यांतली बरीच सजीवांच्या प्रथिनांत नसतात. त्यामुळे ती सगळी इथल्या मातीतून शिरली असे म्हणता येत नाही.

दुसरा, जीव अंतराळात तगतो का? काही काळ, होय. जपानी शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर 'डायनोकॉकस' जीवाणूंचे थर तीन वर्षे उघडे ठेवले. वरचे मेले, त्यांच्या आडोशाने आतले जगले.

तिसरा प्रश्न बाईंचा, जन्माचा. जीवाच्या रसायनाला द्रव लागतो. ताऱ्यांमधल्या पोकळीत पाणी एकतर बर्फ असते नाहीतर वाफ. तिथे रेणू घडतात, पण त्यांना एकत्र मुरायला जागा नाही. म्हणूनच हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी धूमकेतूंच्या पोटातल्या उबेकडे बोट दाखवले होते.

इथे 'बेन्नू' हा लघुग्रह महत्त्वाचा ठरतो. 24 सप्टेंबर 2023 रोजी 'नासा'च्या यानाने त्याची 121.6 ग्रॅम माती युटाच्या वाळवंटात उतरवली. जानेवारी 2025 मध्ये निष्कर्ष आले. सजीव प्रथिनांसाठी वापरतात त्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 तिच्यात होती. डीएनए आणि आरएनए यांचे पाचही मूलघटक होते. शिवाय खारे पाणी आटल्यावर मागे राहणारे क्षार होते. लोणार सरोवराचे पाणी ज्या सोड्याच्या क्षारांनी अल्कधर्मी झाले आहे, त्याच कुळातले. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कधीकाळी खारे पाणी होते. ग्रह की अंतराळ, या वादातली ही तिसरी जागा.

तरीही तिथे जीव नव्हता. अमिनो आम्लांचे डावे आणि उजवे असे दोन आरसेरूप प्रकार असतात. पृथ्वीवरचा जीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावे वापरतो. बेन्नूच्या मातीत दोन्ही साधारण सारखेच निघाले. निवड झालीच नव्हती. अंतराळातूनच आपल्याला डावेपणा मिळाला, या कल्पनेलाही त्यामुळे धक्का बसला. लहान पिंड लवकर थंडावतात. शिधा जमला, पण चूल विझली. पृथ्वीवर मात्र ती पेटती राहिली.

बाई आज भेटल्या तर सांगेन : शिध्याचा काही भाग आकाशातून आला, याला भक्कम पुरावा आहे. स्वयंपाक तिथे झाला, याला नाही. आणि त्या दिवशीचे 'सिद्ध झाले' हे माझे शब्द मी मागे घेतो.